गळ्यापाशी अडलेला स्वेटर

नलिनीताई सबनीसांनी जावयासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरने गळ्यापाशी आल्यावर पुढे विणून घ्यायला नकार दिला. स्वेटर बोलतात हे साताऱ्यातल्या विणणाऱ्यांना नवीन नाही. पण ते सहसा पूर्ण झाल्यावर बोलतात, आणि तेही धुण्याच्या पाण्याविषयी. अर्धवट असताना तोंड उघडणारा हा पहिलाच, म्हणून नलिनीताईंनी मला बोलावून घेतलं.

मी त्यांचा शेजारी, ओतारी. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला माणूस. या प्रकरणाशी माझा संबंध फक्त पाठीपुरता होता. त्यांचे जावई निनाद पेडणेकर राहतात मालवणला आणि त्यांची चण थेट माझ्यासारखी. सबनीसरावांच्या मापाने विणलं असतं तर त्यात पेडणेकर बायकोसकट, म्हणजे नलिनीताईंच्या केतकीसकट, मावले असते. शिवाय पहिल्या दिवाळसणाची भेट जावयाला आधी कळू द्यायची नाही. म्हणून नलिनीताईंनी हौसेने लोकर आणली, ती घरीच पिंजली, चरख्यावर कातली, आणि टाके घातल्यापासून माप माझ्यावर घेतलं. "भाऊजी, जरा पाठ द्या बघू," अशी गॅलरीतून हाक आली की मी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. मोजून झालं की चहा मिळायचा.

मला हे फार आवडायचं. नोकरीभर मी लोकांची शेतं मोजली, मला कोणी मोजलं नव्हतं.

"काय म्हणणं आहे याचं?" मी विचारलं.

"विचारा त्यालाच. दीडदमडीचा नाही अजून, आणि अटी घालतोय मला."

स्वेटर सुयांवर शांत होता. "ज्या पाठीला लावून मला विणलं, त्या पाठीवरच मी जाणार," तो म्हणाला. "पेडणेकरांना मी ओळखत नाही. त्यांच्याबद्दल मनात आकस नाही."

"उसवून टाकीन हं तुला! परत गुंडा होशील!"

"तो तुमचा अधिकार आहे," स्वेटर म्हणाला आणि त्याने एक टाका आपण होऊन सुईवरून सोडला.

"उसवू नका हो," मी पटकन बोलून गेलो.

नलिनीताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही तर नाही ना फितवलंत याला?"

मी फक्त पाठ दिली होती, हे मी शपथेवर सांगितलं. पण स्वेटर मलाच मिळावा असं मला त्या क्षणी इतकं वाटलं, की शपथ घेताना आवाज जरा चिरकला.

दिवाळी तोंडावर आलेली. शेवटी प्रकरण लोकरमित्र मंडळापुढे गेलं. मंडळ वाचनालयाच्या माडीवर भरतं. अध्यक्ष माईणकरबाई, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. सुनावणी चालू असताना त्यांचे हात मोजा विणत होते. स्वेटरला परडीतून आणून टेबलावर ठेवलं होतं. सणासाठी आलेले पेडणेकरही हजर होते. भेट गुप्त ठेवण्याचा प्रश्न आता उरलाच नव्हता.

"जावईबुवा, तुमचा दावा?" माईणकरबाईंनी विचारलं.

"माझा कसला दावा!" पेडणेकर म्हणाले. "मालवणात मी बनियनवर सुद्धा घामाघूम असतंय. पण सासूबाईंनी एवढ्या मायेन केलेला, नको कसा म्हणू?"

त्यांनी घालून पाहायची तयारी दाखवली. स्वेटरने दोन्ही बाह्या घट्ट मिटून घेतल्या.

"त्याच्या मनासारखं केलं तर उद्या अवघड होईल," मागून एक सभासद म्हणाल्या. "मी भाच्याचं माप पोस्टमनवर घेते. आमच्या गल्लीत सगळ्याच घेतात. सगळे स्वेटर पोस्टमनच घेऊन जाईल!"

यावर बरीच कुजबुज झाली. मग नलिनीताई उठल्या. "माझं म्हणणं एवढंच," त्या म्हणाल्या. "पहिला दिवाळसण आहे. जावयाला हाताने कातलेल्या लोकरीचा स्वेटर द्यायचा म्हणून वर्षभर पाय दुखेपर्यंत चरख्यापुढे बसले. जावयाला नाही देता आला, तर ठेवून काय करू? उसवलेलाच बरा."

मला खुर्चीत बसवेना.

माईणकरबाईंनी ओळ पूर्ण केली आणि निकाल दिला. "ज्या कारणासाठी टाके घातले, ते कारण मंडळाच्या नियमाप्रमाणे मध्येच बदलता येत नाही. म्हणजे हा स्वेटर जावयालाच गेला पाहिजे. आणि स्वेटर माणूस बदलायला तयार नाही. तेव्हा जावई बदलावा लागेल. या दिवाळसणापुरते श्री. ओतारी हे प्रभारी जावई."

"अहो, पण केतकी?" नलिनीताई किंचाळल्या.

"नातं सासूपुरतं मर्यादित राहील. बाकी सर्व बाबतींत पेडणेकर कायम."

पेडणेकरांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. स्वेटरने बाह्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळा झाला.

पाडव्याला मी स्वेटर घालून पाटावर बसलो. घाम कानशिलावरून ओघळत होता. नलिनीताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण त्यांनी डोक्यावर पदर घेऊन मला ओवाळलं आणि "जावईबापू" म्हटलं. मीही त्यांना वाकून नमस्कार केला. सबनीसरावांनी, काही चुकत असल्यास सांभाळून घ्या, असं म्हणून माझ्या हातात नारळ दिला.

मग पानं वाढली. माझ्या शेजारी पेडणेकर, सदऱ्याच्या बाह्या दुमडून मजेत. मी खाली मान घालून वाढलेलं सगळं निमूट खात होतो. पेडणेकरांना ते पाहवेना.

"ओतारीकाका," ते हळूच म्हणाले, "असं नाय चालत. पहिल्या दिवाळसणाक जावयान रुसूक व्हया. सासूबाई वाट बघतत. मी यंदा रजेर असंय."

रुसण्याची मला सवय नव्हती. त्याला समोर समजूत काढणारं कोणी लागतं, आणि माझ्या घरी मी आणि कुकर. तरी पद म्हटलं की कर्तव्य आलं. मी पान थोडं पुढे सरकवलं, हात आखडता घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं. नलिनीताई श्रीखंडाचं पातेलं घेऊन लगबगीने आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण त्याखाली आनंद लपत नव्हता.

"जावईबापू, काही कमी पडलं का? घ्या ना थोडं. माझ्यासाठी घ्या."

पोटात जागा होती. श्रीखंडात केशर दिसत होतं.

"नको," मी म्हणालो, आणि त्या पुन्हा आग्रह करतील म्हणून वाट पाहत बसलो.