जाळीपलीकडचा प्रेक्षक

"माह्या कोर्टावरचं लेकरू वाघालेही भीत नाई!"

अमर कोच हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायचा. सकाळच्या बॅचला एकदा, संध्याकाळच्या बॅचला एकदा आणि उरलेले दोनदा भैयाजींच्या कानावर जाईल इतक्या जोरात. स्वतः अमर मात्र चेंडू जाळीपलीकडे गेला की बुटाची लेस बांधायला बसे. पोरं डबा बडवत जाऊन चेंडू घेऊन येईस्तोवर ती लेस काही बांधून होत नसे!

त्याला कारण होतं. चंद्रपूरच्या मूल रोडवर वनश्री कॉलनी जिथं संपते तिथं हे टेनिसचं कोर्ट, आणि कोर्ट संपतं तिथं जंगल. मधे कमरेएवढी तारेची जाळी. ती चेंडूही अडवत नव्हती, तर जनावर काय अडवणार!

म्हणून वनरक्षक गोविंदाभाऊंनी पोरांना धडा दिला होता. "जनावर दिसलं तं पाठ दाखवाची नाई. पळाचं नाई. हात वर करून मोठ्ठं दिसाचं, वरडाचं, न हळूहळू मागं सराचं." अमरनं त्यात शिट्टीची भर घातली. लांब शिट्टी म्हणजे जनावर! पोरांनी ही कवायत इतकी घोटली की ती खेळातही उतरली. डोक्यावरून चेंडू गेला तर जगातली पोरं वळून धावतात. अमरची पोरं कोर्टाच्या मधल्या जाळ्याकडे तोंड ठेवून, रॅकेट उंच धरून, उलटी उलटी मागं जात. जशी काही समोरची खेळाडू झडपच घालणार आहे!

भैयाजी म्हणजे कॉलनीच्या समितीचे सचिव. नवी कोरी गाडी घेतलेली आणि ती उन्हात भाजून निघत होती. ते अमरला म्हणाले, "कोच, सहा वर्षं झाले. तुह्या कोर्टानं देल्लं काय? दोन मुरगळलेले पाय न एक पडलेला दात! या खेपेले नागपूरच्या शिबिरात एकबी पोट्टं निवडलं नाई, तं इथी गाड्या लागतीन. ठराव लिहून ठेवला हाय."

झालं! अमरची झोप उडाली. सगळी भिस्त दिव्यानीवर. मासोळी विकणाऱ्या चंदाबाईची ही बारा वर्षांची पोर चेंडू असा मारी की समोरची बिचारी रॅकेटऐवजी हात पुढं करून माफी मागे.

निवड करायला नागपूरहून रीना मॅडम आल्या. पंचाच्या उंच खुर्चीत त्या अशा बसल्या की हसू त्या घरीच ठेवून आल्यात हे सर्वांना कळावं. एका सेटचा सामना. समोर ऊर्जानगरची उर्वशी. दिव्यानी पाच-चारनं पुढं. चाळीस-पंधरा! आता एकच गुण. अमर मनातल्या मनात भैयाजींना पेढा भरवत होता, तेवढ्यात दिव्यानीच्या पाठीमागं, जाळीपलीकडच्या तेंदूच्या झुडपात, उन्हात पिवळी पडलेली पानं हलली.

मग त्या पानांनी जांभई दिली.

बिबट!

अमरनं शिट्टी ओठाला लावली आणि पुन्हा काढली. शिट्टी फुंकावी तर सामना बुडतो. सामना बुडाला तर कोर्ट जातं. आणि नाही फुंकली तर? पुढचा हिशेब त्याच्यानं होईना. त्यानं मधला मार्ग काढला. दोन्ही हातांनी खुणा केल्या, पुढं ये, पुढं ये!

दिव्यानीला वाटलं, सर नवा डाव सांगून राह्यले. ती जाळ्यावर धावली. उर्वशीनं चेंडू अलगद तिच्या डोक्यावरून टाकला. आणि दिव्यानी शिकवल्याप्रमाणे, रॅकेट उंच धरून, उलटी उलटी, थेट बिबट्याच्या दिशेनं निघाली!

"पुढं! पुढं ये बाप्पा!" अमरचा आवाज फुटला.

चेंडू गेला. चाळीस-तीस.

"कोच, बाहेरून सांगायचं नाही. ही ताकीद," मॅडम म्हणाल्या.

बिबट्या आता पंजे चाटत होता. जेवायच्या आधी हात धुतात तसा! अमरनं पुन्हा हात हलवले.

"दंड, एक गुण. चाळीस-चाळीस!"

"दिव्यानी, मागं जाऊ नको वो पोरी!"

"दंड, पूर्ण गेम. पाच-पाच!"

बिबट्या उभा राहिला. अमरनं शिट्टी फुंकली. तोंड कोरडं, आवाज फुस्स! दुसऱ्यांदा मात्र ती अशी वाजली की मूल स्टेशनातून गाडी सुटली असेल.

कडेला बसलेली बारा पोरं, बारा रॅकेटी वर. "हाऽऽऽ!" दिव्यानी गर्रकन वळली, जनावर पाहिलं, मोठ्ठी झाली आणि ओरडत एकेक पाऊल मागं सरली. समोरच्या बाजूला उर्वशीही हात वर करून उभी! ऊर्जानगरच्या पोरीला हे कोण शिकवणार? तिथं तर बिबटे रोजचेच!

पाठ दाखवून पळाला तो फक्त एकजण. तोही कुठं, तर सरळ पंचाच्या खुर्चीवर!

बिबट्यानं पोरांकडे पाहिलं, अंग झटकलं आणि पंगतीत भात संपल्यावर पाहुणा उठावा तसा निघून गेला.

"सर, उतरा. गेला थो," दिव्यानी खालून म्हणाली.

"कोच, आधी माझा पाय सोडा," रीना मॅडम वरून म्हणाल्या. "मी इथं आता एक मिनिट थांबणार नाही. आणि अपुऱ्या सेटवर मला कुणालाच निवडता येत नाही."

"अवं मॅडम, बिबट होता नं!"

"होता. पण नोंदवहीत त्याचा रकाना नाही."

दिव्यानीनं रॅकेट पिशवीत घातली. "सर, तुमी हात नसते हालवले तं मी तवाच जितली असती. न सगळे घरी गेले असते."

अमर खाली उतरून बुटाची लेस बांधायला बसला.

दोन दिवसांनी समितीची बैठक. एकही निवड नाही. अमर मागच्या खुर्चीत कोर्टाचं सुतक धरून बसला. भैयाजींनी चष्मा लावला आणि ठराव वाचला, "सदर जागी बिबट्याचा वावर दिसून आल्याने ती वाहने ठेवण्यास अत्यंत धोकादायक आहे. नव्या गाड्यांचे नुकसान संभवते. सबब, जागा लहान मुलांच्या टेनिससाठी पूर्ववत ठेवण्यात यावी. एकमताने मंजूर!"

कोर्ट वाचलं! अमरनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता त्याच्या ध्यानात आलं, कोर्ट वाचलं म्हणजे उद्या पहाटे सहाला आपल्यालाच तिथं जायचंय!

आणि टाळ्या हळूहळू कमी होत गेल्या.