पेट स्पेशालिस्ट

"पाटीचं टेन्शन घेऊच नकोस ताई, पाटी माझ्यावर सोड!" विनीत छाती फुगवून म्हणाला होता.

कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालायचं, त्यांचे केस-नखं कापायचं दुकान कल्याणात काढायचं म्हणून निशाताईने एकटीने कागदांचा डोंगर उपसला होता. दुकानाचा गुमास्ता परवाना काढला, सोसायटीचं ना-हरकत मिळवलं, महापालिकेत तर इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई एकदा तिच्यापुढे हजेरीपट घेऊन उभा राहिला! ती फाइल दिसली की विनीतला वाकून नमस्कार करावासा वाटे. त्याच्या वाट्याला आलेलं एकच काम. पाटी मराठीत हवी, असा नियम. त्याने ती झोकात ठोकली : 'निशा पेट स्पेशालिस्ट'!

पहिल्याच दिवशी ताई आतल्या मोरीत एका लॅब्रेडॉरला भिजवत होती, किंवा तो तिला. काउंटरवर विनीत. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले गोपीनाथकाका आले.

"नंबर लावू का रं?"

"आधी फॉर्म, काका. फॉर्मशिवाय ताई कुणाला टेबलावर घेत नाही. वय?"

"बहात्तर."

कुत्र्याचं वय माणसाच्या हिशेबात सांगतायत! विनीतला आदर वाटला.

"चावतो का?"

"कशानं? कवळी हाय."

"नसबंदी?"

"तिसऱ्या पोरानंतर," काका लाजले.

"लस?"

"कोरोनाच्या दोन."

काय थाट आहे एकेका कुत्र्याचा! विनीतने भक्तिभावाने सगळं लिहून घेतलं. काकांनी खाली सही ठोकली, आत गेले, टेबलावर उताणे झाले आणि सदरा वर केला.

नेमके तेव्हाच महापालिकेचे साहेब दारात!

"कुठंय ती डॉक्टर? डिग्री नसताना पोटाचे पेशंट तपासते, अशी तक्रार आहे. दुकान सील करावं लागेल!"

विनीतने ताईला हाक मारली. ताई फेसाळ हातांनी मोरीतून बाहेर आली. तिने काकांचं पोट बघितलं, मग भावाचं तोंड बघितलं.

"हिंदीत पेट म्हणजे काय रे, गाढवा?" एवढंच म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "साहेब, सील नंतर. आधी फॉर्म वाचा."

साहेब वाचू लागले. कवळीपाशी अडखळले, नसबंदीपाशी खोकले. शेवटची ओळ मात्र मोठ्याने वाचली : 'येथे औषधोपचार होत नाहीत, हे मला मान्य आहे.' खाली काकांची लफ्फेदार सही!

मग त्यांनी अख्खी फाइल चाळली. एक कागद कमी निघेल तर शपथ!

"बाई, अशी फाइल आमच्या ऑफिसात पण नाही," ते टोपी नसताना टोपी काढल्यासारखं करत म्हणाले. "फक्त पाटी बदला. आजच!"

विनीतने संध्याकाळच्या आत शुद्ध मराठीत नवी पाटी लावली : 'निशा केशकर्तनालय'.

सकाळी शटर वर केलं, तर काका पायरीवर बसलेले.

"पोट बरं झालं गो पोरी. आता केस काप. फॉर्म कालचाच चालंल ना?"