धनेशाच्या ढोलीचं प्रकरण

महाराष्ट्रात अस्सल गुप्तहेर दोनच, असं नृसिंहकाका सांगत. दुसऱ्याचं नाव मात्र त्यांना कधी आठवत नसे. बेलापुरात शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग विकत घेतलं. पुतणी नीलांबरी धनेश पक्ष्याच्या अभ्यासासाठी भंडारदऱ्याच्या जंगलात निघाली, तसे तेही निघाले.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला फटीतून उंबरं भरवतो. दिवसाला किती फेऱ्या, किती फळं, एवढंच नीलांबरीला टिपायचं होतं. पण तीन दिवस झाले, सकाळी नर यायचा, लांबच्या फांदीवर बसायचा आणि तसाच परत फिरायचा. वही कोरी राहिली ते राहिलं, पण आत मादी ताटकळत होती आणि नीलांबरीचा जीव तुटत होता.

पहिल्या दिवशी काकांनी निदान केलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. दुसऱ्या दिवशी नराचं दुसरं बिऱ्हाड शोधायला निघाले आणि करवंदीच्या जाळीत धोतर फाडून परत आले. तिसऱ्या दिवशी विषप्रयोगाचा संशय घेऊन त्यांनी पाच-सहा उंबरं खाऊन पाहिली, मग एक भिंगाखाली फोडलं. आत चिलटं निघाली. दुपारपर्यंत काका चुळा भरत होते. कावळ्यांना मात्र त्यांनी साक्षीदार नेमलं होतं, कारण ते रोज वेळेवर हजर असत.

चौथ्या दिवशी सकाळी हिरडा वेचायला जवळच्या पाड्यावरची बनुबाई आली. काका तिची जबानी घेणार होते, पण आधी डबा उघडून त्यांनी नेहमीप्रमाणे दहीभाताचा काकघास पानावर ठेवला. कावळ्याला घास घातल्याशिवाय ते जन्मात जेवले नव्हते. आठ साक्षीदार खाली उतरले.

बनुबाईने नीलांबरीला विचारलं, "ह्ये रोज हितंच कावळ्यास्नी जेवाया घालत्यात व्हय? कावळं पिल्लं खात्यात, बाई. त्यांच्या म्होरं नर आपली ढोल दावील का?"

काकांचा हात डब्यातच राहिला.

पाचव्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. घास घालायचा नाही, म्हणजे जेवायचंही नाही. कावळे वाट पाहून उडून गेले. नऊच्या सुमाराला नर आला आणि एकेक करून अकरा उंबरं त्याने फटीतून आत दिली. नीलांबरीला वहीवरचे आकडे धूसर दिसायला लागले.

हिरड्याची पाटी टेकवून बनुबाई म्हणाली, "आता जेवा की."

"कावळ्याला घास न घालता?"

"पाखराच्या मुखी घास पडला न्हवं? मग झालं तर."

काकांनी हे अनुमान उलटसुलट तपासलं. कुठेच फट सापडेना. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या गुप्तहेराचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्यांनी मुकाट्याने डबा उघडला.