दौलतभाऊंचं फाटक

सिंदेवाहीत आमच्या शेजारी दौलतभाऊ राहायचे. त्यांच्या घरात शिरणं म्हणजे सरहद्द ओलांडणं होतं. फाटकाची कडी वाजली रे वाजली की ओसरीवरून आरोळी यायची, "थम! कौन आता है?" त्यावर "दोस्त" एवढंच म्हणायचं. फौजेत पहाऱ्यावरचा शिपाई असंच विचारतो म्हणे. फौज सुटून जमाना झाला, पण भाऊंचा पहारा काही सुटला नव्हता.

दूधवाला, वर्गणी मागणारी पोरं, सगळ्यांना भाऊंचं दोस्त व्हावंच लागे. सुनंदाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, पाहायला राजुऱ्याहून पाहुणे आले, तर त्यांनाही फाटकाशी अडवलं. होणारे व्याही टोपी सावरत म्हणत राहिले, "अजी, आमी पोरगी पाहाले आलो!" शेवटी मीच मागून त्यांच्या कानात सांगितलं, "दोस्त म्हणा, नाहीतर पोहे इथंच उभ्यानं खावे लागतील." लग्न जमलं, हे नवलच.

हा शब्द कधीच उच्चारला नाही तो फक्त ताराबाईंनी. डोक्यावर धुण्याचं टोपलं घेऊन त्या फाटकात भांडायच्या. "मी बायको आहो तुमची. दोस्त नाई!" भाऊ स्वतः उठून कडी काढायचे.

"घर मंजे पोस्ट हाये, मास्तर. पोस्ट सोडाची नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरीत असताना सुट्टी घ्यायचे ती दिवाळीला नव्हे, धानाच्या रोवणीला. ताराबाईंनी एकटीनं चिखलात वाकू नये म्हणून. ते आले की ताराबाई फाटकातच त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायच्या. इतर पाहुण्यांना तांब्या फक्त दाखवायच्या.

पुढे म्हातारपणी ताराबाईंची आठवण विरत गेली. आधी भाजीतलं मीठ, मग नातवंडांची नावं, आणि एके दिवशी भाऊच. भाऊ बाजार करून आले तर आतून कडी.

"कोन आहे?"

"अवं, मी आहो. तुहा नवरा."

"माहा नवरा फौजेत आहे! रोवणीले येते सुट्टीवर. पळ इथून, बुढ्या!"

मी आमच्या अंगणातून ऐकत होतो. हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. भाऊंनी पिशवी खाली ठेवली. मग पाठ ताठ केली आणि हळूच म्हणाले, "दोस्त."

कडी निघाली. "तांब्या तिथं आहे," ताराबाई म्हणाल्या. "पाय धुऊन ये."

तेव्हापासून भाऊ स्वतःच्याच घरात दोस्त म्हणून राहिले. तिची वेणी घालायचे, तिला घास भरवायचे. ती त्यांना नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. एकदा मला म्हणाले, "मास्तर, बाई माही लय तारीफ करून राह्यली. जनमभर कधी केली नाई." हसले, आणि मग चष्मा पुसत बसले. मला तिथून उठवेना.

होळीनंतर भाऊ आजारी पडले. चंद्रपूरच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना घरी आणलं ते पांढऱ्या चादरीतच. फाटकाशी आलो तर ताराबाई दारात उभ्या.

"कोन आहे?"

ज्यानं उत्तर द्यायचं, तो आमच्या खांद्यावर होता.

"बोलत काऊन नाई?"

सुनंदा पुढे झाली. "दोस्त, आई."

ताराबाई जवळ आल्या. आम्ही भाऊंना ओसरीवर टेकवलं. ताराबाईंनी वाकून चेहरा पाहिला आणि लेकीवर खेकसल्या, "हे दोस्त नोहे. माहे घरचे आहेत. सुट्टी भेटली यायले."

मग आत जाऊन तांब्या भरून आणला, चादर बाजूला सारली आणि भाऊंच्या पायांवर पाणी घालू लागल्या.