नेरखिंडी घोडीची फेरी

नेरखिंडी जातीचा घोडा माणसाला पाठीवर घेत नाही, तो माणसाच्या पाठीवर बसतो. त्यामुळे सरकारी फॉर्मातल्या ‘उपयोग’ या रकान्यात गुंजाळ मॅडमनी सरळ ‘सवारी’ लिहिलं. कोणी कोणावर, ते फॉर्म विचारत नव्हता.

बिरूआण्णा मारगळ्यांना ते पटलं. या जातीची शेवटची घोडी, मैना, त्यांच्याकडे होती आणि पशुधन खात्याच्या मॅडम खास तिच्या नोंदीसाठी वस्तीवर आल्या होत्या.

“उगम?” मॅडमनी विचारलं.

“माझा खापरपणजा लंगडी घोडी पाठीवर घिऊन ही खिंड उतारला. पाय बरा झाला, पर तिला वरनं बघायची गोडी लागली. मग तिच्या शिंगरांनाबी.”

“वजन?”

“माया आसंल तर घागरीयेवढं. नसंल तर घोड्यायेवढं.”

मॅडमनी दोन्ही लिहिलं.

अडचण पुढच्या रकान्यात होती. वाहणारा माणूस धडधाकट नसेल तर जात नामशेष धरावी, असा नियम होता. आण्णांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. वस्तीभोवती फेरी झाल्याशिवाय मैना दाण्याला तोंड लावत नसे. महिनाभर आण्णांना अर्धीच फेरी जमत होती, आणि ती मोजून अर्धाच दाणा खात होती. वस्तीतल्या धट्ट्याकट्ट्या गड्यांनीही पाठ देऊन पाहिली, पण सगळे जागच्या जागी बसले.

“माझं काय बी लिवा,” आण्णा म्हणाले, “पर तिला नामशेष लिवू नका.”

लिहिता लिहिता मॅडम मघापासून मैनेच्या कानातल्या गोचिड्या काढत होत्या. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, पदर खोचला आणि तिच्यापुढे वाकल्या. मैनेनं आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी मान हलवली. मग तिनं पुढचे दोन्ही पाय मॅडमच्या खांद्यांवर टाकले, आणि मॅडम तिला घेऊन उठल्या.

“घागर भरलेली का रिकामी?” आण्णांनी काळजीनं विचारलं.

“भरलेली आहे. पण नेता येतेय.”

आण्णा काठी टेकत शेजारून निघाले. पाठ मोकळी होती, आणि ते त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं. गोठ्याच्या वळणावर त्यांनी वर पाहिलं. बावीस वर्षं रोज त्यांनी तिला फिरवलं होतं, पण फिरताना तिचं तोंड त्यांना कधी दिसलं नव्हतं. मैनेचे डोळे अर्धवट मिटले होते, खालचा ओठ सैल सुटला होता, आणि ती खालच्या खोऱ्याकडे बघत होती.

“अशी दिसती व्हय,” आण्णा म्हणाले, आणि त्यांनी मॅडमना जरा हळू चालायला सांगितलं.