निरोप फुकट पोहोचवले जातील

आसाराम भिंगारदिवे हे जामखेडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि अमेरिकेत त्यांचा एक प्लॉट होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण गावाने पहिलीवरच विश्वास ठेवला होता.

प्लॉट इंटरनेटवरचा होता. 'हॅपीप्लॉट' नावाच्या एका प्रचंड अमेरिकन कंपनीने सन अठ्ठ्याण्णवमध्ये जगातल्या यच्चयावत माणसांना आपापलं पान मांडण्यासाठी मोफत जागा वाटायला सुरुवात केली. सनराईज व्हॅली, लेन सात, प्लॉट नंबर ४४१७ आसाराम सरांना मिळाला. ना तलाठी, ना मोजणी, ना नोंद. बापजन्मात कुणी इतक्या सहज जागा दिली नव्हती, त्यामुळे सरांना त्या कंपनीबद्दल भक्तिभावच वाटू लागला. दर रविवारी सकाळच्या एसटीने ते नगरला जात. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन मशीन इंटरनेटला जोडलेली होती, त्यांपैकी चालू असेल त्यावर बसून ते आपलं पान भरत.

पानावर तालुक्याच्या बातम्या असत: कुठल्या विहिरीला किती पाणी राहिलं, कुणाचं लग्न जमलं, पूल कितव्यांदा मंजूर झाला. पण पान खरं चालायचं ते वरच्या ठळक ओळीवर. 'परगावी असलेल्यांना घरचे निरोप फुकट पोहोचवले जातील.' देवनागरी अक्षरं त्या मशीनवर उमटत नसत, म्हणून सर हे सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत. पुण्यात, सुरतेत, आखातात पांगलेली तालुक्याची पोरं आपल्या घरचा निरोप त्यात शोधत.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत चांगुणाबाई शाळेच्या फाटकापाशी येऊन बसली. तिचा मुलगा ओंकार मस्कतला एका बांधकाम कंपनीत होता. दोन महिन्यांतून एकदा तो गहिनीनाथच्या एसटीडी बूथवर फोन करायचा, आणि त्याचा मुक्काम इतका बदलता असायचा की त्याला इकडून फोन लावायची सोय नव्हती. पत्राला तीन आठवडे लागत. मात्र त्याच्या कंपनीतला कारकून जेवणाच्या सुट्टीत सरांचं पान उघडून दाखवतो, असं त्याने कळवलं होतं. चांगुणाबाईच्या पोटात गाठ निघाली होती. नगरच्या डॉक्टरांनी सोळा दिवसांनंतरचा गुरुवार दिला होता.

"त्याला यायला सांगत न्हाई मी," ती म्हणाली. "येवढं लांबून कसं येईल लेकरू. फकस्त आदल्या दिशी सांजच्याला फोन कर म्हनावं. कापायच्या आदी एकदा आवाज ऐकला म्हंजी झालं."

सरांनी निरोप वहीत उतरवून घेतला आणि रविवारी नगर गाठलं. मशीन सुरू झालं, प्लॉट उघडला, आणि तिथे पान नव्हतं. राखाडी पाटीवर लिहिलं होतं की, अश्लील भाषेमुळे हा प्लॉट बंद करण्यात आला आहे.

चाळीस वर्षांत सरांच्या तोंडून शिवी गेली नव्हती. त्यांनी मागची सगळी पानं आठवून पाहिली. विहिरी, लग्नं, पूल. पूल मंजूर होतो म्हणणं खोटेपणाचं होतं, पण अश्लील नव्हतं. शेवटी क्लासचा मालक योगेश, जो पुण्याला राहून आला होता, त्याने खालच्या आवाजात उलगडा केला. 'फुकट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की त्याच्या पहिल्या तीन अक्षरांतून अमेरिकन माणसाला भलतंच काही ऐकू येतं. शब्द तपासणारं यंत्र कंपनीने त्याच आठवड्यात बसवलं होतं.

सर हसले. गैरसमज आहे, म्हणजे दूर होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला नम्र पत्र लिहिलं. 'फुकट म्हणजे आपण जे देता तेच' असं सोपं करून सांगितलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. तुम्ही आम्हाला अत्यंत महत्त्वाचे आहात, अठ्ठेचाळीस तासांत आम्ही बोलू, तुमची मैत्रीण सिंडी. तहसील कचेरीतून आयुष्यात कुणी सरांना महत्त्वाचे म्हटलं नव्हतं. ते प्रसन्न होऊन परतले.

बुधवारी किरकोळ रजा टाकून ते पुन्हा नगरला गेले. सिंडीने लिहिलं होतं की, तक्रार मूळ मालकाचीच आहे याची खात्री पटण्यासाठी ती प्लॉटसोबत मिळालेल्या ईमेलच्या पत्त्यावरून पाठवावी. तो पत्ता प्लॉटसोबतच बंद झाला होता. सरांनी तसं कळवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की, बंद पत्ता सुरू करायचा असेल तर त्याच पत्त्यावरून विनंती करावी. सरांनी दुसरीकडे नवा पत्ता काढून लिहिलं, तर सिंडीने कळवलं की दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये आपण रस घेता याचं कौतुक आहे, पण तक्रार फक्त आसाराम भिंगारदिवे करू शकतात. ते भेटल्यास त्यांना आमचा नमस्कार सांगा.

आता सहा दिवस राहिले तेव्हा सरांनी फोन करायचं ठरवलं. गहिनीनाथच्या बूथवर संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे सकाळ उजाडल्यावर, नंबर लावला. आधी यंत्र बोललं, मग संगीत लागलं. संगीत चांगलं होतं. वीस मिनिटांनी गहिनीनाथने स्पीकर चालू केला, बाकड्यावरचे चारपाच जण ऐकू लागले, एकाने चहा मागवला. मधूनमधून एक बाई आपण अत्यंत महत्त्वाचे आहात असं सांगायची आणि बाकडं माना डोलवायचं.

पस्तिसाव्या मिनिटाला खरा माणूस आला. त्याने सर्वांत आधी पिनकोड विचारला. सरांनी सहा आकडे सांगितले. त्याच्या रकान्यात पाचच मावत होते. सहावा आकडा ठेवला तर अर्ज पुढे जात नव्हता, आणि अर्ज पुढे गेल्याखेरीज गाऱ्हाणं ऐकायची त्याला मुभा नव्हती. सरांनी शेवटचा आकडा सोडला, आणि उरलेले पाच तिकडच्याच एका गावाचा पिनकोड निघाले. त्या क्षणी जामखेडचे आसाराम भिंगारदिवे केंटकी नावाच्या अमेरिकन राज्याचे रहिवासी झाले आणि त्यांची तक्रार दाखल झाली.

"माझ्या पानावर एका आईचा निरोप द्यायचाय," सर सावकाश, शाळेतल्यासारखं स्पष्ट इंग्रजीत म्हणाले. "तिचं ऑपरेशन आहे."

पलीकडच्या माणसाने खरोखर हळहळ व्यक्त केली आणि तिला शुभेच्छा दिल्या. पान परत सुरू होताना त्यात जे घालायचं ते लिहून घ्यायची सोय आहे, असं सांगून त्याने चांगुणाबाईचा निरोप अक्षर अक्षर उतरवून घेतला. इतका सभ्य माणूस सरांना सरकारी खिडकीत कधी दिसला नव्हता. बाहेर येताच त्यांनी चांगुणाबाईला सांगितलं की, निरोप थेट अमेरिकेत लिहून घेतलाय.

रविवारी प्लॉट उघडला. वर नवी हिरवी पाटी होती की, शुद्धीकरणानंतर हे पान सन्मानाने परत करण्यात येत आहे. केंटकीचा रहिवासी समजून यंत्राने पान इंग्रजी धरून तपासलं होतं. जे शब्द इंग्रजी कोशात नव्हते ते संशयास्पद म्हणून काढले होते. चांगुणाबाईच्या निरोपात 'डॉक्टर' आणि 'ऑपरेशन' हे दोन शब्द तग धरून राहिले असते, पण कंपनीला वैद्यकीय सल्ला द्यायचा परवाना नव्हता, म्हणून तेही गेले. 'फोन' हा खासगी संपर्काच्या नियमात अडकला. इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर दोन्ही भाषांत सारखे दिसणारे तेवढे शब्द उरले. सबंध पानावर, दूर दूर, लिहिलेलं होतं: तो. पण. हे. अरे. तर. पण.

सर निरोप पुन्हा टाकायला बसले तर पान उघडेना. कारण खाली दिलेलं होतं. त्या आठवड्यातल्या सर्वांत निर्मळ भाषेचा पुरस्कार प्लॉट ४४१७ ला मिळाला होता, आणि पुरस्कारप्राप्त पानात वर्षभर फेरफार करता येत नाही. शेजारी एक सोनेरी चषक गोल गोल फिरत होता.

बुधवारी सांजेला चांगुणाबाई धुतलेलं लुगडं नेसून बूथवर येऊन बसली. सरही बसले. पानाचं काय झालंय ते तिला सांगायचं त्यांनी तीनदा ठरवलं आणि तीनदा चहा मागवला. फोन चारदा वाजला, चारही वेळा दुसऱ्यांसाठी. साडेनऊला गहिनीनाथने शटर अर्धं ओढलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, तिकडं लाईन मिळाली नसंल. गुरुवारी ती एकटीच आत गेली. गाठ साधी निघाली, आणि आठ दिवसांनी ती कण्हत का होईना, घरी आली.

त्यानंतरच्या रविवारी सर नगरला गेले ते प्लॉट कायमचा सोडून द्यायला. त्यासाठीही मूळ पत्त्यावरून विनंती करावी लागत होती. उठता उठता त्यांची नजर पानाच्या तळाशी असलेल्या अभिप्रायवहीकडे गेली. तिथे यंत्र अजून बसायचं होतं. चषक लागल्यापासून पानाला जेवढे वाचक आले होते, तेवढे आधीच्या वर्षभरात आले नव्हते. सुरतेहून कुणी लिहिलं होतं, सर, या वेळचा अंक विचार करायला लावणारा. पुण्याहून एकाने शैली आता मुरत चालल्याचं म्हटलं होतं. आणखी एकाने गावाचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिल्याचं कळवलं होतं. सगळ्यांत खाली मस्कतहून चार ओळी होत्या. 'सर, पान एक नंबर. आईची बातमी सविस्तर वाचली, बरं वाटलं. लिखाण थांबवू नका. आपला ओंकार.'

सरांनी मशीन बंद केलं. मग ते एसटीत बसले.

चांगुणाबाई ओट्यावर उन्हाला पडली होती. सरांना पाहून ती कोपरावर उठली. ओंकारचं काही आलं का, असं तिने विचारलं.

"आलं," सर म्हणाले. "वाचलं म्हणतोय. सविस्तर."

"बगा," ती शेजारणीला म्हणाली, आणि तिचा चेहरा पुरा उजळला. "लेकरू येवढ्या लांबून वाचतंय." मग तिने सरांना बसायला पोतं सरकवलं आणि पुढचा निरोप सांगायला घेतला. गाठ साधी होती म्हनावं. काळजी करू नगं. शेळीला दोन करडं झालीत.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि एकेक शब्द काना-मात्रेसकट लिहून घेतला.