पदरचे शब्द

दोन सज्जन एका छताखाली राहू लागले म्हणजे त्यांच्यात कलह होईलच असे नाही. परंतु दोघेही अतिशय मर्यादशील असतील, तर संवाद होईल याचीही शाश्वती नसते. कलहाला निदान शब्द तरी खर्च करावे लागतात. मर्यादा मात्र एक शब्दही न वेचता दोन माणसांना एकाच घराच्या दोन टोकांना बसवू शकते.

अण्णा आणि त्यांची सून यांचे असेच झाले होते. पत्नी निवर्तल्यावर अण्णा मुलाकडे राहायला आले. उभा जन्म त्यांनी न्यायालयात दुभाष्याचे काम केलेले. साक्षीदार एका भाषेत बोले, न्यायाधीश दुसऱ्या भाषेत ऐकत आणि मधल्या पुलावर अण्णा उभे असत. पदरचा शब्द घालायचा नाही आणि समोरच्याचा गाळायचा नाही, हे त्यांचे व्रत. साक्षीदाराने शिवी हासडली, तर अण्णा तीच शिवी, त्याच वजनाची, शांत स्वरात न्यायाधीशांच्या स्वाधीन करत.

सून होणाऱ्या शिक्षकांच्या महाविद्यालयात शिकवी. मुले भाषा कशी आत्मसात करतात, हा तिचा विषय. तिची मातृभाषा म्हणजे त्या शहराचीच भाषा, अण्णांना न्यायालयातल्या कामामुळे अवगत असलेली. अण्णांची भाषा दूरच्या मुलखातली; लग्नानंतर सुनेला ती कळू लागली होती. घरात ती आता अण्णांच्या आणि त्यांच्या मुलाच्या तोंडीच काय ती उरलेली, आणि मुलगा तर कामावरून दमून येई. ही भाषा नातीने शिकावी, अशी इच्छा सुनेचीच. म्हणून अण्णा आल्यावर लवकरच तिने आदरपूर्वक एक प्रस्ताव मांडला.

"अण्णा, मूल हौसेनं भाषा शिकत नाही, गरजेपोटी शिकतं. तुम्हाला माझी भाषा येते हे तिला कळलं, की ती सोपी वाट धरेल. तुमची भाषा तिच्या तोंडी यायचीच नाही. तेव्हा तिच्यासमोर तुम्हाला माझ्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. आणि मला तुमच्या भाषेतलं."

"खोटी साक्ष देणारे खूप पाहिले मी," अण्णा म्हणाले, "स्वतः कधी दिली नाही."

"ही साक्ष नाही हो. ही पद्धत आहे."

अण्णांनी मान तुकवली. पत्नी गेल्यापासून त्या भाषेत दिवसभर बोलणारे कोणी त्यांना उरले नव्हते, आणि नातीच्या तोंडून ती ऐकायला मिळणार असेल तर एवढे पातक पचवायची त्यांची तयारी होती.

पद्धत फळली. नात, जिला सारे पिटुकली म्हणत, काही महिन्यांतच अण्णांच्या भाषेत घडाघडा बोलू लागली. परंतु औषध लागू पडावे आणि अंगावर पुरळही उठावे, तसे झाले. आपल्या आजोबांना इथली भाषा येत नाही, ही गोष्ट तिने करुणेपोटी साऱ्या जगाच्या कानावर घातली. कोपऱ्यावरचा दुकानदार अण्णांशी बहिऱ्याशी बोलावे तसा ओरडून बोलू लागला. दाताच्या डॉक्टरांनी दाढ कशी काढणार हे हातवाऱ्यांनी इतक्या तपशिलात दाखवले, की अर्ध्या वेदना अण्णांनी आगाऊच भोगल्या. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई तर मुळाक्षरांचा तक्ता घेऊन बसल्या. ज्या भाषेत अण्णांनी मोठमोठ्या खटल्यांचे निकाल समजावून दिले होते, तिचे पहिले अक्षर ते रोज संध्याकाळी गिरवत. कारण शिकवणीला पिटुकली सोबत येई आणि मान डोलावून शाबासकी देई.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र घरातच उभा राहिला. आई आणि आजोबा एकमेकांना कळत नाहीत, तेव्हा मध्ये कोणीतरी हवेच, म्हणून पिटुकलीने दुभाष्याचे पद स्वतःहून ग्रहण केले.

"त्यांना सांग, चहा झालाय," सून म्हणे.

पिटुकली आजोबांच्या भाषेत सांगे, "आई म्हणते, चहा झालाय, आणि तुम्ही तिच्याजवळ बसून प्यायलात तर तिला बरं वाटेल."

अण्णा दचकत. न्यायालयात कोणी असा आगाऊपणा केला असता, तर त्यांनी त्याला दाराबाहेर काढायला लावले असते. इथे आक्षेप घ्यावा, तर आपल्याला सारे कळते हे उघड होणार. ते नुसतेच "येतो" म्हणत. त्याचे रूपांतर "आजोबा म्हणतात, तुझ्या हातचा चहा त्यांना फार आवडतो" असे होई. सुनेलाही अण्णांची भाषा उत्तम कळत असल्याने ती कपाकडे पाहत राही. खोटे दोघांच्याही लक्षात येई. नाकारता दोघांनाही येत नसे. मग दोघे समोरासमोर बसून मुकाट्याने चहा पीत.

एके दिवशी आपलाही घराला काही उपयोग व्हावा, या भावनेने अण्णांनी धुण्याचे यंत्र लावले. त्यात सुनेचा एक लोकरी स्वेटर होता. पाणी त्यांनी सढळ मनाने कढत ठेवले. स्वेटर बाहेर आला, तो पिटुकलीच्या बाहुलीलाही काखेत आवळेल अशा अवस्थेत.

सून घरी आली. तिने तो हातात घेतला आणि त्याच्या आखडलेल्या बाह्या ओढून पाहिल्या. पिटुकली दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"त्यांना सांग," सून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आईनं विणला होता. तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. विचारायला काय झालं होतं?"

पिटुकलीने आईचा चेहरा नीट निरखला आणि आजोबांकडे वळून भाषांतर केले, "आई म्हणते, तिला तिच्या आईची आठवण येते. तुम्हाला आजीची येते तशी."

आपण या घराला भार झालो आहोत, हे अण्णांच्या मनाने केव्हाच घेतले होते. त्यांनी वाक्ये मनात जुळवली. स्वच्छ, पूर्ण, भाषांतराला सोपी जातील अशी.

"तिला सांग, मी माझ्या बहिणीकडे राहायला जातो. म्हाताऱ्या माणसाची लुडबुड घरात बरी नव्हे."

पिटुकली आईला म्हणाली, "आजोबांना इथंच राहायचंय. पण तू राहा म्हणत नाहीस."

आयुष्यभराची सवय उसळून आली. अण्णा ताठ उभे राहिले आणि सुनेच्या भाषेत, न्यायालयात शोभेल अशा निर्दोष उच्चारात म्हणाले, "भाषांतर चुकीचं आहे. मी असं म्हणालो नाही."

पद्धतीचा निकाल लागला होता. पण सुनेचे तिकडे लक्ष नव्हते. ती अण्णांच्या भाषेत, अडखळत, बोलली.

"मग काय म्हणालात, अण्णा? खरंच जायचंय तुम्हाला?"

विचारणारी समोर होती आणि मध्ये दुभाषी नव्हता. अण्णांना खोटी साक्ष देता येईना.

"नाही," ते म्हणाले. "जायचं नाही."

"मग राहा ना. मी कधीची म्हणणार होते. तुम्हाला आग्रह वाटेल म्हणून गप्प बसले."

"आणि मी तुला अडचण होतोय म्हणून."

मग दोघांना एकदमच पिटुकलीची आठवण झाली. ती जराही चकित झालेली नव्हती. आजोबांना आईची भाषा येते हे तुला ठाऊक होतं का, असे सुनेने विचारले. सुरुवातीला नव्हते, मागाहून कळले, असे उत्तर आले. आई फोनवर मावशीला गमती सांगते तेव्हा आजोबा वर्तमानपत्राआड हसतात, वर्तमानपत्र हलते.

"मग आमचं बोलणं एकमेकांना का सांगत होतीस?"

"तुम्ही सांगत नव्हता ना."

सुनेमधली अभ्यासक मात्र अजून शरण आली नव्हती. "आजोबांना आपली भाषा येते हे माहीत असून तू त्यांच्याच भाषेत का बोलायचीस? सोपं पडलं असतं की तुला."

पिटुकलीला हा प्रश्नच विचित्र वाटला. "त्या भाषेत बोललं की आजोबा हातातलं काम ठेवतात," ती म्हणाली.

वर्षानुवर्षे सून वर्गात गरजेविषयी शिकवीत आली होती; ती गरज नेमकी कोणाची, हा विचार करायचा राहूनच गेला होता.

संध्याकाळी मुलगा दमून घरी आला, तेव्हा सासरे आणि सून एकाच वेळी बोलत होते. ती त्यांच्या भाषेत, ते तिच्या, आणि कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. पिटुकली कंटाळून खेळायला निघून गेली होती. त्या चौघांच्या घरात बोलण्याला कधी खंड न पडो, आणि पडलाच, तर तो सांधणारे कोणीतरी त्यांना सदैव लाभो.